आयोनिक लिक्विडमध्ये इलेक्ट्रोपॉलिशिंग: सारखे विचारले जाणारे प्रश्न

भोसरीला आमचं छोटंसं इलेक्ट्रोपॉलिशिंगचं जॉबवर्क आहे, मुख्य काम स्टेनलेसचं, तीन ॲसिडच्या टाक्या आणि कोपऱ्यात एक 20 लिटरचा प्लास्टिकचा टब. त्या टबात ॲसिड नाही, आयोनिक लिक्विड म्हणजे पातळ मीठ आहे. येणारा प्रत्येक माणूस आधी त्या टबाकडे बोट दाखवतो आणि मग तेच ते प्रश्न सुरू होतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक देणार आणि चहा पीत बसणार.

इलेक्ट्रोपॉलिशिंग म्हणजे बफिंगच ना?

नाही हो. बफिंगमध्ये तुम्ही चाक आणि सोप लावून मटेरियल घासता, म्हणजे उंचवटे लोळवून खड्ड्यांवर पसरवता, वर चकाकी येते पण खाली घाण दाबली जाते. इलेक्ट्रोपॉलिशिंगमध्ये जॉब (म्हणजे पॉलिश करायची वस्तू) पॉझिटिव्हला लावायचा, बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात सोडायचा, आणि करंटने वरचा थर विरघळवायचा. प्लेटिंगच्या बरोबर उलटं. जॉबला चिकटून एक घट्ट, चिकट थर तयार होतो आणि विरघळलेला धातू त्यातून बाहेर पडायला धडपडत असतो, उंचवट्यावर तो थर पातळ असतो म्हणून तिथला धातू लवकर निघतो, खड्ड्यात जाड असतो म्हणून तिथला उशिरा. एवढीच मेख आहे. पियेर जाके नावाच्या फ्रेंच माणसाने 1930 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि त्या चिकट थराला अजून त्याच्याच नावाने ओळखतात.

आयोनिक लिक्विड म्हणजे काय? मीठ पातळ कसं असेल?

आपलं खायचं मीठ वितळवायला 800 अंश लागतात, पण सगळीच मिठं तशी नसतात. 1914 मध्ये पॉल वाल्डेन या रसायनशास्त्रज्ञांनी एक मीठ दाखवलं होतं, इथाइल अमोनियम नायट्रेट, ते 12 अंशालाच वितळतं. म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. पण त्या जातीची शुद्ध आयोनिक लिक्विडं महाग, काही तर ओलाव्यात चक्क हायड्रोफ्लोरिक ॲसिड सोडतात (हेक्साफ्लोरोफॉस्फेटवाली), त्यामुळे जॉबवर्कवाल्याने त्यांच्या नादी लागू नये.

आमच्या टबात जे आहे त्याला काटेकोर बोलायचं तर डीप युटेक्टिक सॉल्व्हंट म्हणतात, आयोनिक लिक्विडचा स्वस्तातला चुलतभाऊ. उन्हाळ्यात पॉट आइस्क्रीम करताना भांड्याभोवतीच्या बर्फात खडेमीठ टाकतो ना, मग शून्याच्या खालीही बर्फाचं पाणी होत राहतं, तोच प्रकार. दोन पदार्थ एकत्र आले की दोघांचाही वितळबिंदू खाली येतो. कोलीन क्लोराइड एकटं 302 अंशाला वितळतं, युरिया 133 ला, आणि एकास दोन मोल (म्हणजे वजनाने नाही, रेणूंच्या संख्येच्या हिशोबाने) असे मिसळले की थेट 12 अंश! हे 2003 मध्ये इंग्लंडच्या लीस्टर युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ॲबट आणि मंडळींनी छापलं, आणि पुढे त्यांनीच युरियाच्या जागी इथिलीन ग्लायकॉल घेऊन स्टेनलेस पॉलिश करून दाखवलं.

ॲसिडची टाकी मस्त चालू असताना हे कशाला?

प्रामाणिकपणे सांगू? सुरुवातीला मलाही हेच वाटलं. पण रोज फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिकच्या मिक्सवर उभं राहणाऱ्या माणसाला विचारा. बाथ 60-70 अंशाला तापलेला, जॉबवर ऑक्सिजनचे बुडबुडे, प्रत्येक बुडबुडा फुटताना ॲसिडचा बारीक फवारा वर येतो, एक्झॉस्ट जरा कमी पडला तरी घसा खवखवायला लागतो आणि शेडच्या पत्र्याचे खिळे दोन वर्षांत गंजून जातात. शिवाय तो ऑक्सिजन बनवण्यात करंट फुकट जातो. लीस्टरवाल्यांनी दिलेला हिशोब असा की ॲसिड बाथमध्ये साधारण 30 टक्के करंट धातू काढायला वापरला जातो, बाकी गॅसमध्ये. कोलीन क्लोराइड-ग्लायकॉलमध्ये हे 80 टक्क्यांच्या पुढे जातं, कारण जॉबवर गॅस जवळजवळ होतच नाही.

हे डोळ्यांना दिसतं सुद्धा. पहिल्यांदा 316 जातीच्या स्टेनलेसची पट्टी टबात सोडली तेव्हा मला वाटलं करंट देणारा रेक्टिफायर बंद आहे, कारण काही खळखळच नाही. मग टॉर्च मारला तर पट्टीच्या अंगावरून हिरवट-तपकिरी द्रवाचा पडदा हळू हळू खाली सरकत होता, मध सांडल्यासारखा. तो विरघळलेला धातू. पंधरा मिनिटं मी नुसता बघत बसलो, गिऱ्हाइकाचा फोन वाजत होता तरी उचलला नाही.

ॲसिडवाल्या प्रोसेसचा सर्वात वाईट इतिहास सांगायचा तर 20 फेब्रुवारी 1947, लॉस एंजेलिस. तिथे ॲल्युमिनियम पॉलिश करायला परक्लोरिक ॲसिड आणि ॲसेटिक अनहायड्राइडचा बाथ लावला होता, तो थंड ठेवणं सक्तीचं, ते जमलं नाही आणि अख्खी प्लेटिंग शॉप उडाली, 17 माणसं गेली. आपलं फॉस्फोरिक-सल्फ्युरिक त्या मानाने गरीब गाय आहे, पण लोक अजूनही गाइड वाचून परक्लोरिकच्या बाथचा विचार करतात म्हणून सांगितलं.

क्लोराइड? अहो स्टेनलेसला क्लोराइड म्हणजे विष, पिटिंग, म्हणजे बारीक खड्डे, होणार नाहीत का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तो मेटलर्जी शिकलेली माणसंच विचारतात. पाण्यातलं क्लोराइड स्टेनलेसला खातं ते असं की वर ऑक्साइडचा संरक्षक थर असतो, क्लोराइड त्याला कुठेतरी एका जागी भोक पाडतं, बाकीचा थर शाबूत राहतो आणि सगळा करंट त्या एका भोकात घुसतो. म्हणून पिट. इथे टबात पाणी जवळपास नाही, म्हणजे मोडलेला ऑक्साइड परत बनायला ऑक्सिजन मिळत नाही. एकदा थर निघाला की पूर्ण पृष्ठभाग उघडा आणि सगळीकडून सारखा विरघळतो, लोखंड, क्रोमियम, निकेल सगळ्यांना क्लोराइड पकडून घेऊन जातं.

पण तो पहिला ऑक्साइड निघायला इथे ॲसिडपेक्षा वेळ लागतो हे लक्षात ठेवा. वेल्डिंगचा निळा-काळा डाग असलेला जॉब तसाच सोडला तर डागाची जागा उंच राहते आणि बाजूचं निघून जातं, नकाशासारखं दिसतं. आमच्या हातून झालंय. आता आधी पिकलिंग, म्हणजे ॲसिडने डाग काढणं, मग स्वच्छ धुणं, कोरडं करणं, मगच टब.

बनवायचं कसं? प्रमाण काय?

एक मोल कोलीन क्लोराइडला दोन मोल इथिलीन ग्लायकॉल. वजनात सांगायचं तर 20 लिटरला साधारण 12 किलो कोलीन क्लोराइड आणि साडेदहा किलो ग्लायकॉल. 60-70 अंशाला गरम करत ढवळत राहायचं, आधी पिठल्यात गुठळ्या झाल्यासारखं दिसतं, मग एकदम पारदर्शक होतं. रिॲक्शन नाही, बायप्रॉडक्ट नाही, नुसतं मिसळणं.

आता माझा किस्सा. कोलीन क्लोराइड हे कोंबडीखाद्यात घालतात, आणि आपल्या महाराष्ट्रात सोलापूरची बालाजी अमाईन्स ते बनवते, म्हणजे काही दुर्मिळ माल नाही. मी हुशारी करून पोल्ट्रीवाल्या मित्राकडून एक पोतं स्वस्तात उचललं. पोत्यावर 60 टक्के लिहिलेलं, म्हटलं उरलेलं ओलावा असेल. ग्लायकॉलमध्ये टाकलं तर टबात मक्याच्या कणसाचा भुसा तरंगायला लागला! पोल्ट्रीला ते पावडर करून मक्याच्या बुरकुंडाच्या भुश्यावर चढवून देतात, हे मला कुठे माहीत. दोन दिवस कापडातून गाळत बसलो आणि शेवटी सगळं फेकलं. 75 टक्के वालं मिळतं ते पाण्यातलं असतं, ते पण इथे नको. तुम्हाला कोरडं, पांढरं, 98 टक्क्यांच्या वरचं पावडर पाहिजे, आणि पिशवी उघडली की लगेच वापरा कारण ते हवेतलं पाणी असं ओढतं की अर्ध्या तासात चिखल होतो.

सेटिंग काय ठेवता?

स्टेनलेस 316 ला आम्ही 40-50 अंश, 5 अँपिअर पर चौरस डेसिमीटर, व्होल्टेज 8 च्या आसपास. ॲसिडमध्ये 15-20 अँपिअर देणाऱ्याला हे फारच मिळमिळीत वाटतं, पण फुकट जाणारा करंट नाही हे विसरू नका. ढोबळ हिशोब: एक अँपिअर-तासाला लोखंड साधारण 1 ग्रॅम निघतं, म्हणजे 5 अँपिअरवर 10 मिनिटांत प्रत्येक बाजूने जवळजवळ 10 मायक्रॉन. शाफ्ट असेल तर डायामीटरमध्ये 20 मायक्रॉन गेले, ड्रॉइंगमधला टॉलरन्स आधीच बघून घ्या, नंतर माझ्याशी भांडू नका.

करंट वाढवून काम लवकर उरकायचा मोह आवरा. लिक्विड तेलासारखं घट्ट आहे, धातू बाहेर सरकायला वेळ लागतो, जबरदस्ती केली की कडा जळतात. ढवळणं सुद्धा हळू, पंपाचा झोत थेट जॉबवर मारला तर तो चिकट थरच धुऊन जातो आणि धारेच्या रेघा दिसतात. कॅथोडला, म्हणजे निगेटिव्हला आम्ही टायटॅनियमची जाळी वापरतो.

फिनिश किती मिळतं?

मूळ आरएच्या (आरए म्हणजे पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) साधारण निम्मं, ॲसिडमध्ये मिळतं तेवढंच. खोल ओरखडा कुठलंच लिक्विड पुसत नाही. 180 ग्रिटच्या जाड्या पॉलिशपेपरवर सोडलेला जॉब आरसा होणार नाही, आधी घासकाम करा.

पावसाळ्यात काय होतं?

विचारू नका. जूनमध्ये टबाची लेव्हल आपोआप वाढते, लोकांचा बाथ उडून कमी होतो आणि आमचा वाढतो. हवेतलं पाणी आत येतंय. थोडं पाणी आलं तर उलट लिक्विड पातळ होतं आणि करंट सोपा जातो, म्हणून पहिल्या पावसात वाटतं वा काय सुंदर चाललंय, आणि मग एका सकाळी जॉबवर सुईच्या टोकाएवढे खड्डे. पाणी वाढलं की पाण्यातला क्लोराइडचा जुना खेळ परत सुरू होतो ना. उपाय साधे आहेत, काम संपलं की झाकण, जॉब पूर्ण कोरडा करूनच आत, आणि आठवड्यातून एकदा टब 80-90 अंशाला उघडा तापवून ओलावा घालवणं. टबाचं प्लास्टिक तेवढं तापमान सोसणारं आहे का ते बघा, पॉलिप्रॉपिलीन चालतं, साधी बादली नाही.

माशांचा वास का येतो?

व्होल्टेज जास्त झालंय किंवा बाथ फार तापलाय. कोलीन तुटलं की ट्रायमिथाइल अमाइन सुटतं, शिळ्या माशाचा वास त्याचाच. आमच्याकडचा मालवणचा ऑपरेटर म्हणतो वास आला की भूक लागते, पण तो वास म्हणजे बाथ खराब होतोय याची घंटा आहे. आणि फक्त अमाइन नाही, हे लिक्विड जास्त ताणलं तर क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेनसारखे क्लोरीनवाले पदार्थ सुद्धा तयार होतात असं अभ्यासात दिसलंय. म्हणून ॲसिड नाही म्हणून एक्झॉस्ट बंद, असा आगाऊपणा करू नका.

पण हे ग्रीन आहे ना? ब्रोशरमध्ये तर तसंच असतं.

इथे माझं आणि सेल्समन लोकांचं पटत नाही. कातडी जाळत नाही, धूर नाही, पीएच भयानक नाही, हे सगळं खरं. पण जॉब वर काढल्यावर अंगाला काकवीसारखं चिकटून किती लिक्विड बाहेर येतं ते कुणी सांगत नाही. हिशोब करा. एक लिटर लिक्विडचा सीओडी, म्हणजे त्यातलं सेंद्रिय रसायनाने पूर्ण ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन, दीड किलोच्या वर भरतो. तेवढं एक लिटर हजार लिटर धुण्याच्या पाण्यात गेलं तर त्या पाण्याचा सीओडी लिटरला 1600 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि उघड्या नाल्या-नदीत सोडायची सर्वसाधारण मर्यादा आहे 250. ॲसिडच्या पाण्याला चुना मारला, गाळ बसवला, झालं. याला चुना मारून काही होत नाही, ते विरघळलेलं सेंद्रिय आहे, बॅक्टेरियावालं ट्रीटमेंट लागतं. बॅक्टेरिया ग्लायकॉल आणि कोलीन आवडीने खातात, पण सोबत निकेल-क्रोमियम आलं तर तेच बिचारे मरतात.

म्हणून आमची पद्धत अशी: जॉब वर काढला की टबावरच पाच मिनिटं निथळत ठेवायचा, मग एका छोट्या उभ्या बादलीत पहिलं धुणं, ते पाणी फेकायचं नाही. ती बादली भरली की त्यातलं पाणी आटवून लिक्विड परत टबात. दुसरं धुणं मग गरम पाण्याने. हे केल्यावर लिक्विडची तूट पुष्कळ कमी झाली. आधी दर महिन्याला टबात भर घालावी लागायची तेव्हा आमचा पार्टनर म्हणायचा, ते लिक्विड कुठे जातंय, तू पितोयस का.

पिण्यावरून आठवलं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी आहे, किडनी जाते. गाडीच्या कूलंटमध्ये तेच असतं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची आपल्याकडे वाईट सवय आहे, ती इथे अजिबात नको. चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल, सोबत डबा किंवा लेबल न्या. त्यावर औषध आहे पण वेळेत पाहिजे.

स्टेनलेस सोडून काय काय होतं?

निकेल आणि निकेलचे सुपरॲलॉय होतात, टर्बाइन ब्लेडच्या मटेरियलवर लीस्टरमध्ये बरंच काम झालंय. तांबं होतं, पण तांब्याला साधं फॉस्फोरिक इतकं छान जमतं की हा खटाटोप कशाला. चांदीला मात्र खरंच उपयोग आहे, कारण तिथला जुना बाथ सायनाइडचा. थ्रीडी प्रिंट केलेल्या स्टेनलेस पार्टवर पण लोक वापरतायत, पण प्रिंटची वाळूसारखी पावडर चिकटलेली असते ती आधी झाडून घ्या.

सगळ्यात भारी केस नायोबियमची. पार्टिकल ॲक्सिलरेटरमध्ये नायोबियमच्या पोकळ कॅव्हिटी असतात, त्यांचं आतून पॉलिश नेहमी हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिकमध्ये करतात, आणि हायड्रोफ्लोरिक म्हणजे कातडीतून आत जाऊन हाडाला लागणारं ॲसिड. इटलीत लेन्यारोच्या लॅबमध्ये त्याऐवजी कोलीन क्लोराइड आणि युरियाचं मिश्रण शंभर अंशाच्या वर तापवून वापरून बघितलं. चालतं, पण त्या तापमानाला युरियाही तुटायला लागतो आणि अमोनिया सुटतो. हे आपल्या शेडचं काम नव्हे.

फार्माच्या जॉबला चालेल का?

थांबा. फार्मावाल्यांचं स्पेसिफिकेशन नुसतं चमक बघत नाही, एएसएमई बीपीई या फार्मा उपकरणांच्या अमेरिकन स्टँडर्डमधल्या एसएफ4 फिनिशला आरए 0.38 मायक्रॉनच्या आत पाहिजे आणि वर इलेक्ट्रोपॉलिश. आरए मिळेल हो, माझी काळजी दुसरी आहे. ॲसिडमध्ये पॉलिश झालेला पृष्ठभाग क्रोमियमने भरलेला आणि पॅसिव्ह होऊनच, म्हणजे संरक्षक ऑक्साइडचा थर बसूनच बाहेर येतो. इथे जॉब क्लोराइडच्या आंघोळीतून बाहेर येतो. एखाद्या थ्रेडमध्ये, ओ-रिंगच्या खाचेत थेंबभर राहिला आणि वर पाणी लागलं की तिथे गंज फुटणार, आणि तो तुमच्या शेडमध्ये नाही फुटणार, गिऱ्हाइकाच्या क्लीन रूममध्ये फुटणार. म्हणून टबानंतर गरम डीआय, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचं धुणं, शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून दुधाळ होतंय का (म्हणजे क्लोराइड उरलंय का) बघणं, आणि मग नायट्रिक किंवा सायट्रिकचं पॅसिव्हेशन. आम्ही स्वतः फार्माचे जॉब अजून ॲसिडच्या टाकीतच करतो.

मग ॲसिडची टाकी काढून टाकू?

नको. रोजचे शंभर ब्रॅकेट, पाइप फिटिंग, भांड्यांचे हँडल यांना ॲसिडच परवडतं. बाथ लिटरमागे स्वस्त, काम पटापट, सगळ्यांना येतं. टब वापरा तो छोट्या, महाग, बारीक कोपऱ्याच्या जॉबला जिथे गॅसच्या बुडबुड्यांच्या रेघा नको असतात, किंवा जिथे ॲसिड ठेवायची परवानगीच मिळत नाही, कॉलेजच्या लॅबला वगैरे. आमच्याकडे महिन्याच्या कामात टबाचा वाटा दहातला एखादा जॉब असेल, पण त्या जॉबचा रेट चांगला मिळतो.

धातू साचून बाथ मेला की?

मरतो, पण ॲसिडइतक्या लवकर नाही. घट्ट होतो, व्होल्टेज चढायला लागतं. तेव्हा थोडं बाहेर काढून त्यात बरोबरीने पाणी घालायचं, लोखंड-क्रोमियमचा चोथा खाली बसतो, गाळायचं, आणि पाणी आटवून लिक्विड परत. ऐकायला छान, गाळायला एक रात्र जाते, कारण चोथा शेवाळासारखा बुळबुळीत. तो चोथा घातक कचरा म्हणूनच जातो, आमचा रांजणगावला. रजिस्टरमध्ये नोंद ठेवा, ॲसिड नाही म्हणजे नियम नाही असं नसतं.

युरियावालं मिश्रण संपलं तर कुंड्यांना घालू का? खतच ना ते?

तीन जणांनी विचारलंय, एक जण इंजिनिअर होता. नाही. त्यात निकेल उतरलेलं असतं.